पायताणाचं मोल: वारशाची फॅशन आणि कारागिराचा वाटा

२२ जून २०२५ रोजी इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीनं २०२६ च्या उन्हाळ्यासाठी पुरुषांचा नवा पेहराव सादर केला. मंचावरून चालणाऱ्या अनेक तरुणांच्या पायांत चामड्याची, अंगठा असलेली उघडी चप्पल होती. कंपनीनं तिची ओळख 'चामडी सँडल' एवढीच दिली होती. चार-दोन दिवसांत ती छायाचित्रं कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या कोडोलीतही या फोनवरून त्या फोनवर फिरू लागली. ही चप्पल कुठली, हे इथं कुणाला विचारावं लागलं नाही. शेताच्या बांधावर, साखर कारखान्याच्या गेटवर, जोतिबाच्या पायऱ्यांखाली रोज दिसणारं पायताण लाखभर रुपयांच्या किमतीच्या चर्चेसह परत आलं होतं. आलं ते नाव हरवून.

त्यानंतर संताप झाला, पत्रं गेली, याचिका झाली, इटलीची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि वर्ष संपता संपता करारही झाला. या सगळ्याकडे एकत्र पाहण्याची वेळ आता आली आहे. परंपरेवरून घडवलेल्या महागड्या वस्तूचा मान आणि पैसा परंपरा जपणाऱ्या हातांपर्यंत कसा पोचवायचा, हा यातला मूळ प्रश्न आहे. तो जितका मिलानचा आहे तितकाच कोल्हापूरचा आहे.

एका आठवड्यातले तीन सोहळे

प्राडाचा प्रकार एकटा नव्हता. २४ जूनला पॅरिसमध्ये लुई व्हिटाँच्या पुरुषांच्या पेहरावाचा सोहळा झाला. त्याची सारी कल्पना भारतावर उभी होती. मंच म्हणून सापशिडीचा भलामोठा पट मांडला होता आणि तो 'स्टुडिओ मुंबई'चे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्यासोबत तयार केला होता. भारताचं नाव कंपनीनं स्वतःहून घेतलं. २७ जूनला त्याच शहरात डिऑरनं पुरुषांचा एक कोट दाखवला. त्यावर लखनौकडचं मुकैश काम होतं, म्हणजे धातूच्या बारीक पट्ट्या कापडात गुंफून केलेली नक्षी. बातम्यांनुसार बारा कारागिरांनी चौतीस दिवस खपून हे काम केलं आणि कोटाची किंमत दोन लाख डॉलरच्या घरात होती. या भरतकामाचं गाव सोहळ्यात सांगितलं गेलं नाही, म्हणून पुन्हा टीका झाली.

सहा दिवसांत तीन बड्या कंपन्या, तिन्ही सोहळे पुरुषांच्या पेहरावाचे आणि तिन्हींत भारत. यात चांगली बाजूही आहे. हाताच्या कामाला जगात किंमत आहे आणि ती वाढते आहे. यंत्रावर हजारोंनी निघणाऱ्या वस्तूंच्या काळात श्रीमंत ग्राहक काहीतरी हातानं घडलेलं, मागं काही पिढ्या असलेलं शोधतो. वारसा हा आता महागड्या बाजारातला सर्वांत किमती कच्चा माल झाला आहे. तिन्ही ठिकाणचा फरक नाव घेण्या-न घेण्यात दिसला, आणि पुढचा सगळा वाद त्या एका फरकातून उभा राहिला.

मराठी पुरुषाचा थाट

आपल्याकडं पुरुषाच्या पेहरावाचा वारसा म्हटलं की फेटा, अंगरखा, बाराबंदी आठवते. पण तो तेवढ्यावर संपत नाही. छत्रपती संभाजीनगरचं हिमरू हे सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं कापड हैदराबादच्या निजामाच्या काळात शेरवानीसाठी मानाचं होतं. आज ते विणणारे माग बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. पैठणीचं काम हल्ली नवरदेवाच्या जाकिटावर आणि फेट्यावरही दिसतं.

आमची कोडोली पन्हाळा तालुक्यात वारणेच्या खोऱ्यात आहे. नावानं जवळची पट्टणकोडोली हातकणंगले तालुक्यात. तिथं विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जमणाऱ्या धनगरांच्या खांद्यावरचं घोंगडं हेही पुरुषाचं अस्सल दख्खनी वस्त्रच आहे. ऊन, पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण, सगळ्याला ते एकच पुरतं. दख्खनी मेंढीची ही जाडीभरडी लोकर स्वस्त आयात ब्लँकेटांपुढं बाजारातून मागं पडली.

या सगळ्यांत टिकली आणि जगभर गेली ती कोल्हापुरी चप्पल. तिला संस्थानी काळात राजाश्रय मिळाला. छत्रपती शाहू महाराजांनी स्थानिक उद्योगांना जे बळ दिलं त्यात चामड्याचा धंदाही होता. स्वातंत्र्यानंतर पांढरा लेंगा, नेहरू शर्ट, टोपी आणि पायात कोल्हापुरी हा शेतकरी, पैलवान, पुढारी, शिक्षक अशा सगळ्यांचा वेश झाला. १९७० च्या सुमारास युरोप-अमेरिकेतल्या तरुणांनी ती पायात घातली. तेव्हाही ती परदेशात 'अंगठ्याची सँडल' म्हणूनच जास्त ओळखली गेली. नाव हरवण्याची ही पहिली वेळ नव्हती.

एक जोड कसा होतो

जी वस्तू महाग विकली जाते ती घडते कशी, हे समजल्याखेरीज तिची किंमत कळत नाही.

कातडं आधी चुन्याच्या पाण्यात मुरतं, त्यावरचे केस काढले जातात. मग ते कमावलं जातं. कोल्हापूरच्या जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. पाणी हळूहळू झिरपत कातड्यात मुरतं. यात क्रोमसारखं रसायन नसतं, म्हणून चामड्याचा रंग गव्हाळ राहतो. या कामाला दिवस नाही, आठवडे लागतात.

पुढं रापीनं तळ कापला जातो. तळाला म्हशीचं जाड चामडं, वेणीला शेळीचं मऊ. थर एकमेकांवर बसवून चामड्याच्याच वादीनं शिवतात. जुन्या पद्धतीच्या जोडात खिळा नसतो. बाजूचे कान, वरचा पट्टा, अंगठा, वेणी आणि गोंडा असे भाग एकेक करून जोडले जातात. कापणं आणि तळ शिवणं बहुधा पुरुष करतात. वेणी विणणं, पट्ट्यावरची बारीक कलाकुसर हे काम घरातल्या बायकांचं. चपलेचा देखणेपणा ज्या वेणीत असतो ती त्यांच्या बोटांतून उतरते. कौतुकाच्या लेखांत मात्र त्या क्वचितच येतात.

प्रकारही अनेक. कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीच्या नावानं ओळखली जाणारी कापशी सर्वांत नामांकित, शिवाय कुरुंदवाडी, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. तळाच्या थरांत बी ठेवून चालताना करकर वाजणारा जोड बनवण्याची हौसही जुनी आहे. नवा जोड आणला की त्याला तेल पाजायचं, चार दिवस तो पायाला चावणार हे गृहीत धरायचं, आणि मग वर्षानुवर्षं तो पायाच्या आकाराचा होऊन जातो. पायानुसार बदलणारी वस्तू म्हणून परदेशी दुकानं ज्यासाठी जास्त पैसे घेतात, ते आपल्याकडं प्रत्येक जोडात आहे.

चपलेला मान, हाताला नाही

या वारशाचं एक दुखरं अंग आहे आणि ते झाकून आढावा पुरा होणार नाही. कातडं कमावणारा ढोर समाज आणि चप्पल शिवणारा चर्मकार समाज यांना शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. चप्पल दारात मानानं आली, ती घडवणारा दारात उभा राहिला.

बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणमध्ये बसवण्णांच्या शरण चळवळीत चर्मकार हरळय्या होते, ढोर कक्कय्याही होते. बसवण्णांनी आपल्याला आदरानं नमस्कार केला, त्याची उतराई म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नीनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पायताणं करून त्यांना दिली, अशी कथा सांगितली जाते. हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालं, तेव्हा बिज्जळ राजानं दोन्ही पित्यांना देहदंड दिला. सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट याच पट्ट्यातली आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या नोकऱ्या राखीव ठेवण्याचा हुकूम काढला, तोही याच इतिहासाला दिलेलं उत्तर होतं.

म्हणून 'आमचा वारसा चोरला' असं म्हणताना तो 'आमचा' म्हणजे कुणाचा, हे नीट सांगायला हवं. वारसा कोल्हापूरचा आहेच. पण त्याचे पहिले हक्कदार ते कारागीर आहेत ज्यांची मुलं आज या धंद्याकडं पाठ फिरवतात, कारण त्यात पैसा कमी आणि हिणवणं जास्त वाट्याला आलं.

कायदा कुठवर पोचतो

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, २०१९ मध्ये मिळालं. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं लिडकार ही दोन सरकारी महामंडळं त्याची संयुक्त धारक आहेत. मानांकनात आठ जिल्हे येतात. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हीच चप्पल करतात. सीमेवरून भांडणारी दोन राज्यं एका चपलेच्या कागदावर एकत्र सही करतात, ही या प्रकरणातली सर्वांत समाधानाची गोष्ट.

पण या कायद्याच्या मर्यादा ओळखून घ्यायला हव्यात. १९९९ चा भारतीय जीआय कायदा भारताच्या हद्दीपुरता चालतो. शिवाय तो नावाचं रक्षण करतो, आकाराचं नाही. कुणी 'कोल्हापुरी' हे नाव न वापरता तशाच घडणीची चप्पल परदेशात विकली, तर हा कायदा तिथं हात लावू शकत नाही. आकारासाठी वेगळा डिझाइन कायदा आहे, पण त्यात नोंद होण्यासाठी आकार नवा असावा लागतो. शेकडो वर्षं जुनी घडण नवी कशी ठरणार? जे जितकं जुनं आणि सर्वांचं, ते कायद्याच्या दृष्टीनं तितकंच मोकळं पडतं.

पत्र, याचिका, करार

मिलाननंतर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड अ‍ॅग्रिकल्चर या संस्थेचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिलं. कंपनीकडून लोरेंझो बेर्तेल्ली यांनी उत्तर दिलं. ही चप्पल भारतीय हस्तकलेच्या शतकानुशतकांच्या परंपरेवरून सुचली, हे त्यांनी त्यात मान्य केलं आणि चर्चेची तयारी दाखवली. जुलैच्या मध्यात कंपनीचे तज्ज्ञ कोल्हापुरात आले आणि त्यांनी कारागिरांच्या कामाच्या जागा पाहिल्या.

दरम्यान याच प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. १६ जुलै २०२५ रोजी मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठानं ती फेटाळली. मानांकनाचा नोंदणीकृत धारक स्वतः दाद मागू शकतो, इतरांनी त्याच्या वतीनं यायचं कारण नाही, असा त्याचा आशय. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. मानांकन हा कपाटात ठेवायचा कागद नाही. ज्या महामंडळांच्या नावावर तो आहे, पहिलं पाऊल त्यांनीच उचलायचं असतं.

पुढं ते उचललं गेलं. ११ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत इटलीच्या वाणिज्य दूतावासात प्राडा, लिडकॉम आणि लिडकार यांच्यात सामंजस्य करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, ते कोल्हापुरीचा उल्लेख करून विकायचे, फेब्रुवारी २०२६ पासून जगातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन ठेवायचे, किंमत साधारण ८०० युरो, असं जाहीर झालं. तीन वर्षांच्या या सहकार्यात कारागिरांचं प्रशिक्षण आहे आणि काहींना इटलीतल्या प्राडाच्या संस्थेत थोडा काळ शिकण्याची संधीही आहे.

हा करार स्वागतार्ह आहे. नाव परत आलं आणि काम इथल्या हातांना मिळालं, या दोन्ही गोष्टी भांडून मिळाल्या. तरी हिशेब मांडू. ८०० युरो म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे ८४ हजार रुपये. २,००० जोडांची विक्री झाली तर ती सोळा-सतरा कोटींच्या घरात जाते. कोल्हापूरच्या बाजारात चांगला जोड काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतो. वाहतूक, दुकान, जाहिरात, नफा हे सगळं धरूनही मधलं अंतर फार मोठं आहे. जोडामागं कारागिराला किती रुपये आणि वेणी विणणाऱ्या बाईला किती, हा आकडा महामंडळांनी लोकांसमोर ठेवायला हवा. करारातून खरंच काय मिळालं, ते त्या आकड्यावरून ठरेल.

जगानं काय केलं

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीचं हॅरिस ट्वीड नावाचं कापड विणतात. घोंगड्यासारखंच ते मूळचं गरीब माणसाचं कापड. आज त्याचे पुरुषांचे कोट जगभर महाग विकले जातात. त्याला १९१० पासून गोलाचं व्यापारचिन्ह आहे, आणि १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेनं खास त्यासाठी कायदा केला. लोकर बेटावरच रंगवायची, बेटावरच कातायची आणि कापड विणकरानं आपल्या घरीच मागावर विणायचं. यातली एकही अट मोडली तर ते हॅरिस ट्वीड नाही. विणकराचं घर हीच अट कायद्यात घातली, म्हणून विणकाम कारखान्यात पळालं नाही. आपल्या घोंगड्याला असं संरक्षण कधीच मिळालं नाही.

मेक्सिकोनं दुसरी वाट धरली. मूळ रहिवासी समाजांच्या नक्षीची नक्कल केल्याबद्दल २०१९ आणि २०२० मध्ये तिथल्या सरकारनं कॅरोलिना हेरेरा आणि इझाबेल मारां या कंपन्यांना उघड जाब विचारला. २०२२ मध्ये अशा वारशावर समाजाचा सामूहिक हक्क मानणारा कायदा केला. प्राडाच्या वादानंतर दोनच महिन्यांत, ऑगस्ट २०२५ मध्ये, आदिदास कंपनीला ओआहाका प्रांतातल्या पारंपरिक चपलेची नक्कल केल्याबद्दल त्या समाजाची जाहीर माफी मागावी लागली.

आपल्यासाठी सर्वांत उपयोगाची घडामोड युरोपातच झाली आहे. पूर्वी युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मुख्यतः वाइन, चीज अशा खाद्यपेयांना मिळायचं. नव्या नियमानुसार १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंनाही ते मिळू शकतं, आणि युरोपाबाहेरचे उत्पादकही अर्ज करू शकतात. 'कोल्हापुरी' हे नाव तिथं नोंदवलं गेलं तर मिलान आणि पॅरिसमध्येही त्याला कायद्याचा आधार मिळेल. लिडकॉम आणि लिडकार यांनी हा अर्ज करण्यात एक दिवसही दवडू नये.

आपल्या अंगणातली कामं

परदेशी कंपनीला जाब विचारून आपली जबाबदारी संपत नाही. पहिली अडचण कातड्याची आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, कर्नाटकातही पुढं कायदा कडक झाला. चामड्याचा एक जुना स्रोत आटला. म्हशीच्या कातड्यावर भर आला आणि तयार चामडं बाहेरच्या राज्यांतून आणावं लागतं. कातडं कमावण्याची इथली जुनी पद्धत जाणणारी माणसं कमी होत आहेत. साल आणि हिरड्यानं कमावण्याची सामायिक, स्वच्छ, सांडपाण्याची सोय असलेली जागा उभी राहिली नाही, तर चप्पल कोल्हापुरी राहील आणि चामडं परकं होईल.

दुसरी अडचण नकलेची. रेक्झिन आणि रबराच्या तळाची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून आपल्याच शहरांत खुलेआम विकली जाते. ती आपण दोनशे रुपयांत घेतो, आणि अस्सल जोडाचे दोन हजार सांगितले की घासाघीस करतो. ज्या वस्तूसाठी आपण रस्त्यावर उतरायला तयार होतो, तिच्या मजुरीला आपल्या खिशातही न्याय मिळायला हवा. लिडकॉमनं अस्सल जोडांसाठी क्यूआर कोड आणले आहेत. ते दुकानादुकानांत पोचावेत.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. फॅशन आणि डिझाइनच्या मोठ्या संस्था मुंबई-पुण्यात आहेत, कारागीर कोल्हापुरात आणि अथणीत. या घरांतल्या मुलामुलींनी रापी-आरीबरोबर आकृती काढणं, मापं बसवणं, हिशेब आणि परदेशी ग्राहकाशी बोलणं शिकलं, तर पुढचा महागडा संग्रह त्यांच्याच नावावर निघू शकतो. त्यासाठी शिष्यवृत्त्या हव्यात आणि कोल्हापुरातच वर्ग हवेत. वेणी विणणाऱ्या बायकांची कारागीर म्हणून स्वतंत्र नोंद हवी. आज बहुतेकींचं काम नवऱ्याच्या नावाखाली लपतं.

महाग वस्तू करण्यात वाईट काही नाही. हाताच्या कामाची किंमत वाढावी, हीच आपली मागणी आहे. परंपरेवरून कुणी काही नवं सुचवलं तरी तक्रार नाही, फेट्यापासून पैठणीपर्यंत सगळंच देवाणघेवाणीतून घडलेलं आहे. मागणं इतकंच की घेणाऱ्यानं नाव घ्यावं, काम त्याच हातांना द्यावं आणि किमतीतला वाटा उघड सांगावा. ही कसोटी प्राडाला लावायची आणि आपल्या गल्लीतल्या दुकानालाही.

वाचकांना एक विनंती. पुढच्या लग्नसराईत किंवा जोतिबाच्या यात्रेहून परतताना कोल्हापुरी घ्याल, तेव्हा हा जोड कुठल्या गावचा, कुणाच्या हातचा, हे दुकानदाराला जरूर विचारा, आणि सांगितलेली किंमत घासाघीस न करता द्या.